परीचे प्रश्न

आमच्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. चोपड्याहून सातपुड्याकडे निघालं की केळीच्या बागांमधून एक रस्ता जातो, त्या रस्त्यावरच्या पाच-सहा गावांपैकी ते एक, एवढं पुरे. दिपमालानं तशी अटच घातली होती. "जे झालं ते सगळं लिहा मॅडम. पण माझ्या पोरीपर्यंत पोचता येईल असं त्यात काही नको." इथली बाकी नावं आणि खुणा मी बदलल्या आहेत, आणि तिच्या मुलीचं हर्षाली हे नावही खरं नाही. ते मुलीनं स्वतः निवडून मला दिलं.

मी या गावच्या जिल्हा परिषद शाळेत तेरा वर्षं शिकवते. पहिली ते पाचवी, तीन शिक्षक, मुख्याध्यापक संघपाल सर. शाळेच्या मागे पत्र्याची एक खोली आहे, तिथे भिकुबाई पोरांची खिचडी शिजवायची. २०१९च्या दिवाळीनंतर एका सकाळी तिच्याबरोबर तिशीतली एक बाई आली, तीच दिपमाला. पदराला धरून पाच वर्षांची मुलगी. बाईच्या गालावर पिवळा पडत चाललेला वण होता आणि माझं बोलणं ऐकताना ती मान वळवून उजवा कान पुढे करत होती.

"मनी भाची शे," भिकुबाई म्हणाली. "धुळ्याहून आली. आतेपासून मना हाताखाली राही."

डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं, ते मला पुढे कळलं. कान तिच्या नवऱ्यानं फोडला होता.

नवऱ्याचं नाव योगेंद्र. धुळ्यात हायवेच्या कडेला एका गॅरेजमध्ये तो ट्रकचं काम करायचा. कामात हुशार, गिऱ्हाइकाशी गोड. घरी आला की आधी चप्पल काढायचा आणि मग दिपमालाच्या चेहऱ्याकडे बघायचा. त्याचं बघणं संपेपर्यंत ती श्वास धरून उभी राहायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी हातानं मारायचा. पुढे हाताला जे लागेल त्यानं. एकदा पान्यानं गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात ती "न्हाणीत पाय घसरला" म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि हात गळ्यात बांधून दिला. माहेरी भाऊ होता, तो दोनदा तिला परत आणून सोडून गेला. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही.

हर्षालीला बापाच्या फोनवरचा एक खेळ फार आवडायचा. त्यात शेत लावायचं, कोंबड्या पाळायच्या, शेजारच्या शेतवाल्याशी गप्पा मारायच्या. एका संध्याकाळी तिच्या खेळण्यानं फोन बंद पडला आणि नेमका गॅरेजमालकाचा फोन यायचा राहून गेला. योगेंद्रनं पोरीला वेणीला धरून उचललं. पाय जमिनीपासून वर. दिपमाला सांगते, "पोरगी ओरडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिली नुसती. माझंच बघून शिकली होती ती, की ओरडलं की जास्त लागतं."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर एका पिशवीत दोन जोड कपडे भरून ती एसटीत बसली. धुळे, अमळनेर, चोपडा. भिकुबाई तिच्या आईची लांबची बहीण. योगेंद्रनं तिचं नावही कधी ऐकलं नव्हतं, म्हणूनच तिनं हे घर निवडलं. भिकुबाईनं दारात तिला बघितलं आणि काही विचारलं नाही. "आठेच राय," इथेच राहा, एवढंच म्हणाली.

शाळेत नाव घालताना दिपमालानं मुलीला माझ्यासमोर बजावलं, "कोणी विचारलं तर गावाचं नाव सांगायचं नाही. कधीच नाही. सांगितलं तर जीव घेईन तुझा." मुलीनं मान हलवली. का सांगायचं नाही, हे तिनं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही. मलाही तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आम्ही सगळेच मुलांना असंच सांगत आलो होतो.

मग टाळेबंदी आली, शाळा फोनवर गेली. दिपमालानं चोपड्याहून जुना फोन आणला, अभ्यासासाठी. हर्षालीनं त्यात दोन दिवसांत तो शेताचा खेळ शोधून काढला. तिच्या जुन्या नावानं तो उघडला. तिच्या कोंबड्या होत्या तशाच होत्या. ती किती खूश झाली असेल, मी कल्पना करू शकते. गावात तिला तेव्हा एकही मैत्रीण नव्हती.

पण तो खेळ योगेंद्रच्या फोनमध्येही अजून होता. दोन वर्षं तो बायकोला शोधत होता. तिच्या भावाच्या दारात दगड घेऊन उभा राहिला होता, शिरपूर, नंदुरबार, सुरतेपर्यंत माणसं पाठवली होती. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास त्यानं सहज तो खेळ उघडला आणि त्यात त्याला दिसलं, पोरीचं शेत नुकतंच नांगरलेलं आहे.

त्यानं घाई केली नाही. एक नवं नाव घेतलं, परी. गुलाबी पंखांचं चित्र लावलं. पहिले आठ दिवस परीनं हर्षालीला फक्त अंडी आणि बियाणं भेट दिलं. मग विचारलं, तुला कोणता रंग आवडतो? हे सगळं पुढे पोलिसांनी कागदावर उतरवलं आणि साक्षीच्या वेळी मी ते वाचलं. चार महिन्यांचे प्रश्न. एकही प्रश्न असा नाही की जो दुसऱ्या लहान मुलीनं विचारला नसता.

तुमच्या शाळेत झाड आहे का? आमच्या शाळेत चिंच आहे. तुमच्याकडे खिडकीतून काय दिसतं? हर्षालीनं सांगितलं, केळीच्या गाड्या दिसतात, आणि मागे डोंगर. बाजार कधी असतो? तुझे बाबा काय करतात? यावर हर्षालीनं लिहिलं होतं, "माझे पप्पा धुळ्याला आहेत. ते मला विसरले." परीनं रडणारा चेहरा पाठवला होता. आणि तुझी आई? "आई शाळेतच खिचडी करते."

गावाचं नाव परीनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हर्षालीनं लिहिलं, "ते सांगायचं नाही." पोरीनं शब्द पाळला होता.

मध्ये एकदा दिपमालाच्या हाती हे लागलं होतं. डिसेंबरात शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी तिनं मुलीला कोणाशी तरी लिहिताना पकडलं. "कोण ही परी?" हर्षाली म्हणाली, "मैत्रीण आहे." दिपमालाचं डोकं फिरलं. हातात झारा होता. तिनं त्या झाऱ्याच्या दांड्यानं पोरीला पाठीवर, पायांवर, हातांवर मारलं, दांडा वाकेपर्यंत. भिकुबाई मध्ये पडली. "पोरले नको मारू वं! मार खायेल पोर खोटं बोलाले शिकस." दिपमालानं ऐकलं नाही. हर्षालीनं परीला काढून टाकलं, आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जोडलं. या वेळी आई कामाला गेली की मगच ती फोन काढायची. सोमवारी ती शाळेत आली तेव्हा पोटऱ्यांवर वळ होते. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "पडले." मी वही तपासायला घेतली.

फेब्रुवारीच्या शेवटी शाळेत चित्रकलेची स्पर्धा झाली. हर्षालीचा पहिला नंबर आला. प्रमाणपत्रं मीच छापून आणली होती, मीच सही केली. तिनं त्याचा फोटो परीला पाठवला. आईनं बजावलेलं तिला आठवत होतं, म्हणून गावाच्या नावावर तिनं अंगठा ठेवला होता. तो फोटो मी कोर्टात पाहिला. लहानसा, नख खाल्लेला अंगठा, अगदी बरोबर नावावर. पण प्रमाणपत्राच्या खालच्या ओळीत शाळेचा अकरा आकडी क्रमांक होता. तो प्रत्येक शाळेचा वेगळा असतो आणि कोणीही तो फोनवर शोधू शकतो. योगेंद्रला पाच मिनिटंही लागली नसतील.

मार्चमध्ये शाळेत पुन्हा खिचडी शिजायला लागली. तो गुरुवार होता. सकाळी परीनं लिहिलं, "मी आज तुझ्या गावात मामाकडे येतेय. अकरा वाजता तुमच्या मागच्या फाटकापाशी ये. कोणाला सांगू नको, गंमत करू." हर्षालीनं घरून एक खोडरबर घेतला, आंब्याच्या आकाराचा, नवा, कागदात गुंडाळला आणि दप्तरात ठेवला. अकराला ती माझ्याकडे "बाई, पाण्याला जाऊ?" म्हणून विचारून गेली. मीच जा म्हणाले.

पुढचं मी पाहिलं आहे, तेवढंच सांगते.

मागून भिकुबाईची किंकाळी आली म्हणून मी धावले. फाटकाशी मोटरसायकल उभी होती, इंजिन चालू. एका माणसानं हर्षालीचा दंड धरला होता आणि तो तिला गाडीकडे ओढत होता. ती रडत नव्हती. ती त्याला विचारत होती, "पप्पा, परी कोठे आहे?"

"मीच परी," तो म्हणाला. "चल."

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी लिहू शकत नाही. तिनं त्याच्या हाताला दात रोवले. त्यानं तिला झटकलं, ती फाटकाच्या लोखंडावर आपटली, भुवई फाटली. भिकुबाई सत्तरीची बाई, पण तिनं मागून त्याच्या शर्टाला मिठी मारली. त्याच्या पाठीशी खोचलेली टॉमी होती, ट्रकचं चाक खोलायची हातभर लोखंडी पहार. ती त्यानं काढली आणि न बघता मागे मारली. भिकुबाईचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकलेली तुराटी मोडावी तसा.

तेवढ्यात दिपमाला खोलीतून बाहेर आली.

"आली का?" योगेंद्र म्हणाला. "मनी आंडेर, मनी पोर चोरी लयनी. अडीच वरीस. अडीच वरीस मी कुत्र्यासारखा फिरनू."

त्यानं पहिला वार डोक्यावर केला. तिनं हात आडवा घातला, हात मोडला. दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्याला चाटून गेला आणि तिचा अर्धा चेहरा एकदम लाल झाला. ती मागे सरकत खोलीत गेली, तो मागोमाग. मी दारात होते. मी ओरडत होते असं मुलं सांगतात. मला आठवतं ते एवढंच, की मी दारातून हलले नाही. चुलीवर शंभर मुलांचं डाळीचं पातेलं उकळत होतं. दिपमालानं एका हातानं, चांगल्या हातानं, त्याची कड धरली. उघड्या हातानं. आणि ते त्याच्या अंगावर ओतलं.

तो कमरेपासून खाली भाजला. माणूस असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. तो पडला, टॉमी त्याच्या हातातून सुटली. इथे सगळं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. दिपमालानं ती टॉमी उचलली. सोललेल्या तळव्यानं. तिनं त्याच्या गुडघ्यावर मारली. परत त्याच गुडघ्यावर. तो सरपटत भिंतीकडे जात होता, डाळीत, रक्तात, आणि ती एकेक पाऊल टाकत त्याच्या मागे जात होती, एक शब्द न बोलता. मग ती त्याच्या डोक्याशी उभी राहिली आणि तिनं हात वर नेला.

"आई!"

हर्षाली माझ्या बाजूनं आत घुसली होती. डोळ्यात भुवईचं रक्त उतरलेलं. ती आईच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभी राहिली, हात बांधून, शाळेत शिक्षेला उभं राहतात तशी.

"आई, मी सांगितलं त्याला. मीच सांगितलं. मला मार."

दिपमालाचा हात तसाच वर राहिला. मग टॉमी खाली पडली आणि त्या टॉमीवरच दिपमाला पडली.

चोपड्याचा दवाखाना, मग जळगाव. डोक्याला चौदा टाके, हातात सळई, तळव्याला नवं कातडं. भिकुबाईचं मनगट कायमचं वाकडं राहिलं. योगेंद्रचा गुडघा गेला. खटला चालला, खुनाच्या प्रयत्नासाठी त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. दिपमालानं जे केलं ते कोर्टानं स्वसंरक्षण मानलं. ती मात्र मला म्हणाली, "मॅडम, गुडघ्यापर्यंतचं स्वसंरक्षण होतं. त्याच्यापुढचं नव्हतं. पोरगी मध्ये आली नसती तर मी थांबले नसते. ते मला माहीत आहे आणि तिलाही."

जळगावहून ती परत आली तेव्हा गावाच्या प्रत्येक फोनमध्ये त्या दिवसाचं चित्रण होतं. कोणीतरी कुंपणावरून काढलेलं. त्यात हर्षालीचं तोंड स्पष्ट दिसत होतं आणि तिचं ते "मला मार" ऐकू येत होतं. लोकांनी त्याला मागे गाणं लावून पुढे पाठवलं होतं. दिपमाला गळ्यात हात अडकवून घरोघर गेली. मी तिच्याबरोबर होते. पानटपरीवाला झुलाल म्हणाला, "ताई, आता मी काढून काय होणार? शंभर ठिकाणी गेलं."

"तुझ्याकडचं काढ," दिपमाला म्हणाली. "शंभरातलं एक कमी होईल. नंतर नव्व्याण्णव जणांकडे मी जाते."

त्यानं काढलं. मग स्वतःच उठून तिच्याबरोबर पुढच्या घरी आला. त्या आठवड्यात ती एकशे चाळीस दारांत उभी राहिली. सहा ठिकाणी तिला शिव्या मिळाल्या, एका घरात एकानं हसत ते चित्रण तिच्याच समोर लावलं. तिनं फोन त्याच्या हातातून घेऊन ओट्यावर आपटला. त्याची भरपाई संघपाल सरांनी केली.

घरात हर्षाली बोलत नव्हती. आई जवळ आली की दोन्ही हात डोक्यावर न्यायची. दिपमालानं एका दुपारी तो वाकडा झारा काढला, चुलीत टाकला. लोखंड जळत नाही, ते तसंच लाल होऊन पडलं. मग ती पोरीसमोर जमिनीवर बसली. "तू मला परीचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर आपण दोघींनी मिळून तिला पकडलं असतं. पण मी तुला मारलं. म्हणून तू सांगितलं नाहीस. चूक तुझी नाही, माझी आहे." हर्षालीनं विचारलं, "मग आता सांगितलं तर?" "आता नाही मारणार." "शपथ घे." दिपमालानं घेतली. ती पाळायला तिला किती जड गेलं ते मी पाहिलं आहे. तिचा हात उठायचा आणि ती तो स्वतःच्या मांडीवर आपटायची.

जूनमध्ये फोन जपून कसा वापरायचा ते सांगायला आमच्याकडे एक साहेब आले, मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवून गेले. अनोळखी व्यक्तीशी बोलू नका, आपली माहिती देऊ नका. मुलांनी एका सुरात "होऽऽ" म्हटलं. दिपमाला मागे उभी राहून ऐकत होती. ते गेल्यावर ती सरांच्या खोलीत आली. ती आठवी शिकलेली बाई. सरांच्या खोलीत याआधी फक्त चहा घेऊन यायची.

"सर, परी अनोळखी नव्हतीच ना पोरीसाठी. चार महिन्यांची मैत्रीण होती. आणि माहिती म्हणजे काय, हे पोरांना कुठे माहीत आहे? चिंचेचं झाड ही माहिती आहे, हे मलाच माहीत नव्हतं. मला शनिवारचा एक तास द्या."

सरांनी दिला. पहिल्या शनिवारी तिनं व्हरांड्यात गोणपाटाचा पडदा बांधला. पडद्यामागे ती स्वतः बसली, पुढे चौथीतली रत्ना. बाकीच्यांना खडू दिले. "मी परी आहे," ती म्हणाली. "ही जे सांगेल ते तुम्ही खाली काढायचं. रत्ना, गावाचं आणि आडनावाचं काही सांगायचं नाही हं." रत्ना हसली, हे सोपं होतं. परीनं विचारलं, सकाळी कशाच्या आवाजानं उठतेस? पिठाच्या गिरणीच्या. दारासमोर काय बांधलेलं असतं? दोन बकऱ्या, एक काळी. शाळेत येताना ऊन तोंडावर येतं की पाठीवर? आई घरी कधी नसते? आठ प्रश्न झाले. मुलं फरशीवर रेघा ओढत होती. नवव्या प्रश्नाआधीच दुसरीतला एक मुलगा उठून ओरडला, "मावशी, मी जाऊ शकतो तिच्या घरी! आणि दुपारी गेलो तर घरात ती एकटीच असते!"

रत्नानं फरशीवरचं आपलं घर बघितलं आणि ते दोन्ही हातांनी पुसायला लागली.

दिपमाला पडद्यामागून बाहेर आली. डोक्यावरचा पदर मागे घेऊन तिनं मुलांना टाके दाखवले, तळवा दाखवला. मला ते आवडलं नाही, लहान मुलं ती. पण तिनं घाबरवलं नाही. म्हणाली, "हे असं होऊ नये म्हणून सांगते. कोणी असं एकेक विचारायला लागलं, फोटो मागितला, कोणाला सांगू नको म्हणालं, की मला येऊन सांगायचं. तुम्ही आधीच सगळं सांगून बसला असाल तरी सांगायचं. खोटं बोलला असाल तरी सांगायचं. माझ्याकडे येऊन सांगणाऱ्याला कोणी मारणार नाही."

पुढच्याच महिन्यात पाचवीतला निंबा तिच्याकडे आला. कोणीतरी खेळात त्याच्याकडून घराचा फोटो, मग वडिलांच्या बँकेच्या कार्डाचा फोटो मागवला होता. कार्डाचा त्यानं पाठवलाही होता. दिपमाला त्याला घेऊन त्याच्या घरी गेली. वडील तोताराम, ट्रॅक्टरवाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे कमरेचा पट्टा सोडला. दिपमाला मध्ये उभी राहिली. "भाऊ, बँकेला फोन लावा आधी."

"बाजूला व्हा, ताई. घरचा मामला शे."

"माझा पण घरचा मामलाच होता."

पहिला पट्टा तिच्या त्याच हातावर बसला, ज्यात सळई होती. ती खाली बसली नाही. "मारा. मला मारा पाहिजे तेवढं, मला सवय आहे. पण या पोराला आज मारलं, तर पुढच्या वेळी हा मला नाही सांगणार. आणि तुम्हाला तर नाहीच नाही." तोतारामच्या हातातला पट्टा लोंबत राहिला. मग त्यांची बायको रडायला लागली, आणि मग त्यांनी फोन लावला. कार्ड वेळेत बंद झालं. या जुलैत तेच तोताराम पालकसभेत दिपमालाशेजारी उभे राहून इतर बापांना सांगत होते, की पोरगं सांगायला आलं की आधी पाणी प्या.

आता दिपमालाला आसपासच्या शाळा बोलावतात. मुक्ताईनगरपर्यंत जाऊन आली आहे. गोणपाट आणि खडूची पेटी पिशवीत असते. खिचडीचं काम तिनं सोडलेलं नाही. हर्षाली सातवीत आहे, चोपड्याला जाते. फोनला हात लावत नाही. एवढंही नको, असं मला वाटतं, पण मी बोलत नाही.

गेल्या जानेवारीत धुळ्याच्या एका शाळेनं बोलावलं. दिपमालानं तिथून पळून आल्यापासून त्या शहरात पाय ठेवला नव्हता. मी सोबत गेले. बसस्थानकावर उतरल्यावर तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस बोटं उमटलेली होती. पण पडद्यामागे बसल्यावर तिचा आवाज हलला नाही.

तास संपल्यावर मुलं गेली, एक मुलगी थांबली. आठ-नऊ वर्षांची, दप्तर छातीशी धरलेली.

"मावशी, घरातलं बाहेर सांगायचं नाही ना?"

"फोनवरच्या परीला नाही सांगायचं."

"मग पप्पा आईला मारतात, ते पण नाही सांगायचं?"

दिपमाला उकिडवी बसली, तिच्या उंचीला आली. "नाही बेटा. तसं नाही. ते सांगायचं. तुझं घर, तुझा फोटो, तुझं नाव, हे तुझं आहे, ते जपायचं. मार कोणाचाच नसतो, तो जपायचा नसतो. तो आपल्या माणसाला सांगायचा. मला सांगितलंस ना, बरोबर केलंस."

त्या शाळेच्या बाईंनी मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला, आईला बोलावून घेतलं. आई आली, ओठ सुजलेला. "पोरगी काहीही बोलते," म्हणाली. "न्हाणीत पाय घसरला." दिपमाला तिच्याकडे बघत राहिली. वहीचं पान फाडून तिनं आपला नंबर लिहिला आणि म्हणाली, "एकट्याच पळून जाऊ नका. आधी फोन करा, मी येते." त्या बाईनं कागद घेतला नाही. मुलीनं घेतला आणि दप्तरात ठेवला.

अडीच महिन्यांनी एका दुपारी खिचडी वाढताना दिपमालाचा फोन वाजला. तिनं उजव्या कानाला लावला, ऐकलं. "कुठे आहात? नाही, मला सांगू नका, आजूबाजूला कोणी आहे का ते बघा. मुलगी सोबत आहे ना? मग धुळ्याहून निघा, चोपड्याच्या बसस्थानकावर मी येते." पळी माझ्या हातात देऊन तिनं पदर खोचला आणि चोपड्याची बस धरायला रस्त्याकडे धावत गेली.